माय पाचवीत बसली तेव्हा

भामरागडकडच्या जंगलात बाबा वनखात्याचे नाकेदार होते. आमचं सरकारी क्वार्टर आणि गोंडांची चार-दोन घरं, एवढंच गाव. शाळा नव्हती. पावसाळ्यात नद्या भरल्या की बाहेरचं माणूसही दिसत नसे. म्हणून माय आम्हाला घरीच शिकवायची. ती स्वतः लग्नाआधी चौथी पास झालेली. मोठा भाऊ, मी आणि धाकटी बहीण एवढेच तिचे विद्यार्थी.

जूनमध्ये आमची शाळा नेमाने उघडायची. आदल्या दिवशी माय ओसरी सारवून घ्यायची आणि कोळशाने काळी केलेली सागाची फळी भिंतीला टेकवायची. लिहायला नदीकाठची पांढरी माती असे. सकाळी पाट्यांना हळदकुंकू वाहून, गुळाचा सांजा खाऊन आम्ही बसायचो. मायने पदर खोचला की ती आमची माय राहत नसे. उशीर झाला तर कान धरायची.

त्या वर्षी भाऊ पाचवीत गेला. बाबांनी चांद्याहून त्याची पुस्तकं आणली होती. मायने त्यातलं एक उघडलं आणि नुसती बघत राहिली. ते इंग्रजीचं होतं.

"हे मले नाई येत," ती म्हणाली.

भाऊ रडकुंडीला आला. मायने मला बाबांना बोलवायला पिटाळलं. बाबा लाकडाच्या डेपोतून घाईघाईने आले.

"काय झालं वं? कोनाले ताप हाय?"

"ताप नाई, इंग्रजी हाय. तुमाले येते ना?"

बाबा सागाच्या ओंडक्यांवर डांबराने इंग्रजी अक्षरं घालायचे, ते तिने पाहिलं होतं. त्यांनी फळीवर काही अक्षरं काढली आणि थांबले.

"मले मोठेच अक्षरं येतात. लाकडावर तेवढेच लागतात."

"मंग तेवढेच शिकवा. बाकीचं आमी दोघं पाहून घेऊ."

असं म्हणून माय पाटी घेऊन भावाच्या शेजारी बसली. मला ते मुळीच आवडलं नाही. माय विद्यार्थी झाली तर आम्हाला रागवणार कोण, असं वाटलं. पण बाबांनी तिचं अक्षर चुकलेलं दाखवलं तेव्हा ती खुदकन हसली. तिला तसं हसताना मी फार कमी पाहिलं होतं.

पावसाळाभर दोघं त्या पुस्तकाशी झुंजले. गणितही तसंच. कधी भावाला आधी उमगायचं, कधी मायला. "मले सांग," ती म्हणायची. "मले समजलं तरच तुले समजलं."

हिवाळ्यात एक रेंजर साहेब दौऱ्यावर आले. साहेब आले की माय आत असायची. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सावरत ती पुस्तक घेऊन बाहेर आली.

"साहेब, हे कसं म्हनाचं?"

बाबा कावरेबावरे झाले. साहेबांनी मात्र चहाचा कप बाजूला ठेवला आणि ओसरीवर बसून धडे मोठ्याने वाचले. माय प्रत्येक शब्दाखाली मराठीत उच्चार लिहीत गेली. पुस्तक संपेतो साहेबांचा चहा गार झाला.

उन्हाळ्यात आम्ही सगळे चांद्याला गेलो. तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी भावाला वाचायला लावलं. त्याचे उच्चार ऐकून ते जरा हसले, पण त्याने अडखळत का होईना, पान पूर्ण केलं. गणितं तर सगळी बरोबर आली.

"कोणत्या शाळेत होतास?"

"घरी," भाऊ म्हणाला.

त्यांनी त्याला सहावीत घेतलं. तो मामाकडे राहणार होता. निरोप घेताना माय रडली नाही. बाजारातून स्टँडकडे जाताना मात्र ती मागे राहू लागली. बाबा थांबले.

"सहावीचं इंग्रजीचं पुस्तक घ्या ना एक," ती म्हणाली.

"आता काऊन? पोरगा तं शाळेत गेला."

"मी वाचीन."

बाबा पुस्तकांच्या दुकानाकडे वळले. दुकान बंद होतं. ते पुस्तक दिवाळीनंतर आलं, कोणीतरी वापरलेलं, पहिली काही पानं फाटलेलं. मायने पुढच्या पानापासून सुरुवात केली.