मेहुण्याच्या मांड्या

हवा फुकट मिळते याचा रोज नव्यानं आनंद होणारा माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. आमच्याकडे मुक्कामाला आला की सकाळी गच्चीवर उभा राहून तो असा काही श्वास ओढतो, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. मग खाली येऊन पेपर वाचत बसलेल्या मला म्हणतो, "आवं दाजी, फुकट हाय, वढा की!" मी ओढतच असतो, नाहीतर पेपर कसा वाचला असता? पण त्याला आवाज झाल्याशिवाय श्वास घेतलेला पटत नाही. एसटीत बसला की आधी खिडकी उघडणार, मग पुढच्याची उघडायला लावणार. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला सांगणार, "अक्का, वर आमची डाळ शिजायचीच न्हाई बघ." ती डाळ आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की आता आम्हालाच ती कच्ची लागते.

'वर' म्हणजे हिमालयात. गडी वडूजकडचा, तालमीत वाढलेला, फौजेत गेला आणि तिथं गिर्यारोहकांच्या तुकडीत उस्ताद झाला. त्याच्या मांड्या हे माझ्या सासुरवाडीचं वैभव होतं. जमीन कोरडवाहू, विहीर आटलेली, पण मांड्या बघाव्यात तर त्याच्या! त्यामुळं त्याला एक खोड लागली. जे दिसेल ते उचलायचं. दारात पाऊल टाकायच्या आधी विचारणार, "गॅसची टाकी कुठं ठिवायची हाय?" टाकी जागेवर असली तर हिरमुसायचा. एकदा माझी स्कूटर पंक्चर झाली, तर "ढकलायची कशाला?" म्हणून यानं पुढचं चाक खांद्यावर घेतलं आणि मागून मला पळवलं. साताऱ्यात, भर राजवाडा चौकात. लोक वरात बघावी तसे बघत होते.

आमच्याकडे मामानं भाचीला उचलून बोहल्यावर आणायची पद्धत आहे. हल्ली बरेच मामा हात धरून चालवत आणतात. हा तसला नव्हे. "भाचीचा पाय भुईला लागला तर मामा हवा कशाला?" असं म्हणत त्यानं घरातल्या सगळ्या भाच्या एकेक करून बोहल्यावर पोचवल्या. राहिली होती फक्त आमची लेक मनू. ती पाळण्यात असल्यापासून त्यानं तिला वचन देऊन ठेवलं होतं.

आणि नेमकं तिचं लग्न ठरायच्या वेळेला हा फार दिवस बर्फात राहून खाली आला. स्टँडवर बायकोनं त्याला ओळखलंच नाही. ओळखल्यावर तिथंच रडायला लागली. पँट पट्ट्यानं आवळून धरलेली, आणि त्या जगप्रसिद्ध मांड्यांच्या जागी नुसत्या काठ्या. कुणी म्हणालं साखर असेल, कुणी म्हणालं नजर लागली. माझ्या मनात त्याहून भलतंसलतं येऊन गेलं. सगळ्या तपासण्या केल्या. काहीही निघालं नाही! डॉक्टरांनी सांगितलं, फार काळ विरळ हवेत राहिलं की भूक मरते आणि शरीर स्वतःचे स्नायूच झिजवायला लागतं. खाली आल्यावर खाणं आणि व्यायाम ठेवला की हळूहळू भरून येतात. त्या दिवशी मी घरी पेढे आणले. मेहुण्यानं तेच आम्हाला त्याच्या भाषेत समजावलं. "आवं, दुष्काळात चारा न्हाई म्हटल्यावर दावणीची जनावरं कमी करत्यात का न्हाई? तसं अंगानं केलं. हवा न्हाई, मग एवढं मास पोसायचं कशाला? इकून टाकलं." पेढा तोंडात टाकून तो पुढं म्हणाला, "पावसाळा झाला की दावण भरंल परत."

दावण भरायची होती, पण लग्नाची तारीख थांबणार नव्हती. नवऱ्याकडच्या मंडळींनी महाबळेश्वरचं हॉटेल सुचवलं, तर हा गडी हिमालय तुडवून आलेला, ताडकन उठला. "न्हाई! लय उच्चीवर हाय ते. भाची उचलायची हाय मला. खाली, नदीकाठाला बघा." व्याह्यांना वाटलं खर्चाचं कारण असेल. शेवटी लग्न सांगलीला ठरलं, कृष्णाकाठच्या कार्यालयात.

मग आमच्या स्वयंपाकघरात गोंधळ सुरू झाला. याला जाड करायला बायको अंडी, मटण, तुपातली भाकरी वाढायची, आणि मामाला ओझं नको म्हणून मनूनं जेवणच सोडलं. एका ताटात वाढायचं, दुसऱ्या ताटापुढं हात जोडायचे. चार दिवसांत त्याच्या ध्यानात आलं. असा भडकला म्हणता! "माझ्यापायी भाची उपाशी ऱ्हाणार? मग मी मामा कसला? जेव गप!" तिनं रडत रडत दोन भाकरी खाल्ल्या आणि यानं समाधानानं तीन.

रोज पहाटे तो ज्वारीचं पोतं उचलून जिना चढायचा. एकदा मी बघायला गेलो, तर अर्ध्या जिन्यात पोतं मांडीवर घेऊन बसलेला. पाय लटलट कापत होते. मला बघून हसला नाही. "दाजी," म्हणाला, "पाय माझं ऐकंनात. पोरीला सगळ्यांसमोर पाडलं, तर मी काय तोंड दावू?" इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदाच भीती ऐकली. मी म्हटलं, हात धरून आण, कुणी काही म्हणणार नाही. त्यानं मान हलवली आणि परत पोतं उचललं.

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." आला. शालूतल्या मनूला दोन्ही हातांवर घेऊन आला. चालत आला तोवर ठीक होतं. बोहल्याच्या पायऱ्यांशी थांबला. एक पायरी चढला आणि पाय कापायला लागले. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. सनईसुद्धा मला बंद पडल्यासारखी वाटली. आणि तेवढ्यात अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असा त्याचा तो श्वास आला. तोच, गच्चीवरचा! पुढच्या पायऱ्या तो एका दमात चढला आणि मनूला अलगद पाटावर उभी केली. मी देवाला हात जोडायच्या ऐवजी त्यालाच जोडले. अंतरपाटाआडून व्याह्यांनी विचारलं, "मामांना दमा आहे का?"

जेवणं उरकल्यावर तो मागच्या खोलीत भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेला सापडला. मी शेजारी बसलो आणि त्याच्या पिंढऱ्या दाबायला लागलो. "आवं दाजी, तुमी न्हाई! पाप लागंल मला." पण पाय काही त्यानं मागं घेतला नाही. मांडी अजून बारीकच होती, पण हाताला घट्ट लागली. बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

एवढ्यात बायको दारात आली. गाडी आली होती. मनूच्या पाठवणीला मला बोलावत होते. मी उठलो खरा, पण उंबऱ्यापाशीच थांबलो. पाऊल पुढं पडेना. मेहुणा भिंतीचा आधार घेत उभा राहिला, लंगडत माझ्याजवळ आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "वढा, दाजी. हवा हाय."

मी ओढली. चांगली आवाज करून ओढली.