दोन बाळांची गाडी

मंडळी, लोणावळ्याच्या सुतारांनी घरांची दारं एकाच बाळाच्या मापानं घडवली आहेत, याचा मी जाहीर निषेध नोंदवतो.

आमच्या लेकीला तीन आठवड्यांपूर्वी जुळं झालं. आज सकाळी मी आणि ही, विलायतेला परतलेल्या एका साहेबाच्या बंगल्यावर गेलो. जुळ्यांच्या दोन बाबागाड्या तिथे विकायला होत्या. एकीत बाळं शेजारी-शेजारी निजतात, दुसरीत पायाशी पाय लावून. मी दोरीनं रुंदी मोजून, शेजारी-शेजारीची गाडी आमच्या दारातून जाणार नाही, असा पूर्वपक्ष मांडू लागलो.

बंगल्याच्या माळ्याला शास्त्रार्थात रस नव्हता. "पोरांचं वजन किती, मास्तर?" त्यानं विचारलं. सुईणीनं सांगितलेली दोघांची वजनं मी सांगितली. तेवढे तांदूळ त्यानं दोन पिशव्यांत भरले आणि रुंद गाडीत शेजारी ठेवले. गाडी एका अंगाला कलली.

"हलकं कंचं हाय?"

"मुलगी."

"मंग तिच्याकडं ईट ठिवा. अंग धरलं का काढा."

"आणि नाही धरलं तर?" हिनं विचारलं.

माळी तांदूळ पुन्हा डब्यात ओतू लागला.

आम्ही लांबट गाडी घेतली. तीत एकच बाळ निजवलं, तरी ती कलत नाही. हे कारण आम्ही दोघांनीही मोठ्यानं म्हटलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं अशक्त मूल तगलं असेल, तर काय केलंत ते कळवा. पोर कालपासून दूध ओढत नाही. मला फार भीती वाटते आहे.