बद्द

२०२५ साल. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं; शाळेच्या दाखल्यावर एकाहत्तर. दाखला तिसरीपर्यंतचाच आहे, तेव्हा तोही काही फार खरं बोलत नाही. त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला ती बीडजवळच्या पाली गावातल्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहायला आली. पहिल्याच दिवशी वरून आवाज आला. टक टक. जरा थांबून पुन्हा टक टक.

मी जिना चढून गेलो. "पोरी, भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई. आधीच सांगितलंय."

"खिळा कुठाय आबा?" तिनं बोटाचं पेर दाखवलं आणि टेबलावर दोनदा वाजवलं. "सवय हाय. काम पुढं पाठवायच्या आधी दोनदा ठोकते. मग पाठवते."

नाव सांगत नाही, तिच्या घरच्यांना आवडायचं नाही. वडवणीची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत आठ-नऊ वर्षं संगणकाचं काम करून परत आलेली. घरी माणसं फार, आणि आमच्या दारासमोर नेटचा टॉवर, म्हणून ही खोली. पस्तिशीची असेल. चहा स्वतःच करायची आणि विसरायची. मी कधीही वर जावं, तर साय धरलेला कप आणि समोर पडद्यावर अक्षरं धावताहेत, आणि ही नुसती बघत बसलेली.

"हात कावून चालत न्हाईत तुझे? पगार कशाचा घेतेस?"

"मी आता लिहीत न्हाई आबा. तीन गडी लावलेत, ते लिहितात. मी राखण करते."

गडी म्हणजे माणसं नव्हे. यंत्रच. आपण मराठीत किंवा इंग्रजीत सांगायचं, अमुक करून दे, की ते स्वतःच प्रोग्राम लिहितं, स्वतःच चालवून बघतं, मोडलं तर स्वतःच दुरुस्त करतं. आधी तिच्या हाताखाली पाच माणसं होती. ती गेली, आणि हे आले. कशाचा प्रोग्राम, हे मी विचारलं. तर दवाखान्याचा. कोणत्या पेशंटला कोणतं औषध किती वाजता द्यायचं, ते नर्सच्या फोनवर दाखवायचं.

मी विहिरी बांधल्या. चाळीस वर्षं हातात छन्नी-हातोडी. म्हणून तिचं ठोकणं मला आवडलं. मी तिला सांगितलं, आमचंही तेच. दगड घ्यायच्या आधी हातोडीनं ठोकायचा. खणखणीत वाजला तर सलग आहे. बद्द वाजला तर आत चीर आहे, वरून कितीही देखणा असो. तुम्हीही मडकं घेताना टिचकी मारून बघताच की.

"बद्द," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. "हा शब्द मला पाहिजे होता आबा. हे यंत्र लई देखणं लिहितं. वाचताना सगळं पटतं. तरी कुठंतरी बद्द वाजतं."

तेव्हापासून जिन्यावरूनच आमचं बोलणं. "काय, आज किती बद्द?" "दोन आबा. आणि एक अर्धा." मी हसायचो. पडद्यावर हिरव्या खुणा उमटायच्या, म्हणजे तपासणीत पास. मी म्हणायचो, "हिरवं झालं म्हणून काय झालं? हिरवं तर गाजरगवतबी असतं." यावर ती इतकी हसली होती की खालून माझ्या सुनेनं विचारलं, काय झालं. मग हसू थांबवून म्हणाली, "खरंय. पेपर त्यानंच काढला, त्यानंच सोडवला, अन् त्यानंच तपासला. मग पास न व्हायला काय झालं?"

आणखी एक गोष्ट सांगायची. ते यंत्र रोज कोरं होतं. काल काय केलं, काय चुकलं, काही लक्षात राहत नाही. म्हणून तिनं एक फाईल ठेवली होती. काम सुरू करताना यंत्र सगळ्यात आधी ती वाचतं. त्यात ती लिहायची, असं कर, तसं करू नको.

श्रावणातली गोष्ट. दुपारी मी वर गेलो तर फोनवर तिचा साहेब मोठ्यानं बोलत होता. "किती वाचत बसणार? गडी पंधरा मिनिटांत लिहितात, तू दोन दिवस वाचतेस." तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशनही त्याच दिवशी बीडला, आणि खाली रिक्षा उभी. ती उठली, बटण दाबून काम पुढं पाठवलं, पिशवी उचलली आणि माझ्या बाजूनं जिना उतरून गेली.

टक टक वाजलं नाही. माझ्या ध्यानात आलं होतं. मी बोललो नाही. म्हटलं, आपण तिसरी शिकलेले, आपल्याला काय कळतं.

तीन आठवड्यांनी कळलं. पेशंटला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवलं, तर त्याचं औषध दोन्ही वॉर्डांच्या यादीत दिसायचं. दूरच्या कुठल्या शहरात एका म्हातारीला तेच औषध दोनदा गेलं. म्हातारी वारली. औषधानं की वयानं, ते कुणीच ठामपणे सांगितलं नाही. ती चूक त्या दुपारच्या कामात होती.

तिनं यंत्राला ते दाखवलं. यंत्र म्हणालं, आपलं बरोबर आहे, ही माझी चूक आहे, आता दुरुस्त करतो. आणि केली.

"इतकंच आबा," ती मला म्हणाली. "एका ओळीत माफी मागून मोकळं झालं. उद्या त्याला ती म्हातारी ठावंबी नसणार. चूक त्यानं केली, पण ध्यानात ठेवायला मी एकटी."

कंपनीनं तिला सांगितलं, अहवालात यंत्राचा दोष लिही, तुझं नाव घालायची गरज नाही. ती चार दिवस जेवली नाही धड. वरून नुसतं चालण्याचं ऐकू यायचं, खिडकीपासून दारापर्यंत. पाचव्या दिवशी सकाळी ती खाली आली, ओट्यावर माझ्या शेजारी बसली आणि सरळ विचारलं.

"आबा, खरं सांगा. तुमचा कधी एखादा बद्द दगड बसला का हो?"

आता मी तुम्हाला सांगतो, जे तिला सांगितलं नाही.

बसला. नांदूरघाटला, एकेचाळीस वर्षांपूर्वी. संध्याकाळ होत आली होती, मालकाची घाई. शेवटच्या गाडीतले दगड मी न ठोकता खाली सोडले. माझा जोडीदार विहिरीत ते बसवत होता. एक दगड चिरला, त्याच्यावरची रांग सुटली. मी वर उभा होतो म्हणून वाचलो; तो वाचला नाही. लोक जमले. मी म्हणालो, माती ढासळली. सगळ्यांनी मान डोलावली, काळी माती, ढासळायचीच. त्यानंतर मात्र मी एकही दगड ठोकल्याशिवाय घेतला नाही. दिवसभर टण टण. लोक म्हणायला लागले, कारागीर असावा तर असा. माझं नाव झालं ते असं.

आणि तिनं विचारलं तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "न्हाई. एकबी न्हाई. चाळीस वर्षांत."

ती उठली. "बरं," म्हणाली. तिला त्या सकाळी एक जोडीदार पाहिजे होता. मी तिला कारागीर दाखवला.

तिनं अहवालात स्वतःचं नाव लिहिलं. यंत्रानं लिहिलं, तपासायला मी होते, मी तपासलं नाही. नोकरी गेली, की तिनं सोडली, मला माहीत नाही. किल्ली द्यायला आली तेव्हा दाराच्या चौकटीवर दोनदा वाजवलं आणि गेली. फोन बंद. वडवणीला भावाला विचारलं, तो म्हणतो, "बाहेर हाय, बरी हाय," आणि विषय बदलतो.

खोली मी भाड्यानं दिली नाही. सून म्हणते, उंदीर असतील. पण उंदीर दोनदाच वाजवून थांबत नाहीत. दुपारी टक टक होतं, मी वर जातो, तर टेबल आणि कंपनीच्या संगणकाचा तो काळा पडदा, त्यावर धूळ.

गेल्या महिन्यात तो पडदा न्यायला कंपनीचा माणूस आला. पन्नाशीकडं झुकलेला, लातूरकडचा. तिच्या जागेवर आता तोच. चहा पिता पिता म्हणाला, "एक विचारायचं होतं. आबा म्हणजे तुम्हीच का?"

"कावून?"

त्यानं लॅपटॉप उघडला. "बाईंची फाईल आम्ही काढली नाही. त्यामुळं यंत्र आम्हाला सारखं टोकतं. हे बघा."

मी चष्मा लावला. मला वाचायला वेळ लागतो, तो थांबला. यंत्रानं लिहिलं होतं, हे बद्द वाजतंय, ठोकून बघितल्याशिवाय पुढं पाठवू नका. तिचंच बोलणं.

"आणि फाईलमध्ये सगळ्यात वर हे हाय," तो म्हणाला.

अक्षर अक्षर लावून वाचलं. आबांनी चाळीस वर्षांत एकही बद्द दगड बसवला नाही. मी बसवला. त्यांच्यासारखं काम कर, माझ्यासारखं नको.

म्हणजे ते यंत्र, ज्याला कालचं काही आठवत नाही, ते रोज सकाळी सगळ्यात आधी माझं खोटं वाचतं. आणि तिची चूक वाचतं. आणि मग कामाला लागतं.

"तुमचं नाव राहू द्यायचं का आबा?" त्यानं भलेपणानं विचारलं. "की काढू?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो. "आधी एका ठिकाणी जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडहून पहिली गाडी धरून नांदूरघाटला गेलो. जोडीदाराची बायको ओट्यावर ज्वारी निवडत होती. डोळ्यांवर हात धरून तिनं ओळखलं.

"बारशाला न्हाई, लग्नाला न्हाई, आन आज कसं काय आलात भाऊजी? बसा, चहा टाकते."

मी बसलो नाही. टोपी काढून हातात घेतली. म्हणालो, "वहिनी, माती ढासळली नव्हती. तो दगड मी ठोकला नव्हता."