कर्ता नसलेली नोटीस

तुमच्या कंपनीच्या नोटिशीतला कर्ता कधी शोधलाय का?

नारायण पेठेत टायपिंग करून देणाऱ्या एका बाईंना तो शोधताना मी पाहिलं. चष्मा कपाळावर आणि बोट प्रत्येक शब्दाखाली.

समोर हडपसरच्या एका कारखान्याचे मॅनेजर होते. त्यांच्या नोटिशीत होतं, 'कँटीन ठेकेदाराकडे सोपवण्याचा निर्णय घेण्यात आला आहे.'

"कोणी घेतला?" बाईंनी विचारलं.

"अहो, असंच लिहितात."

"कँटीनमधल्या माणसांच्या नोकऱ्यांचं काय?"

"योग्य वेळी कळवण्यात येईल."

"कोण कळवणार? तुम्ही?"

मॅनेजरांनी कागद बाईंकडे आणखी पुढे सरकवला.

"युनियनला सांगितलंत?"

"नोटीस लागली की कळेलच."

बाईंनी कागद परत दिला. "कर्ता सापडला की या. सातपर्यंत उघडं असतं."

ते शेजारच्या दुकानात गेले. तिथे व्याकरण बघत नाहीत.

मग बाईंनी मी टाइप करून घ्यायला आणलेलं निषेधाचं पत्रक घेतलं आणि 'हे कारस्थान हाणून पाडले जाईल' याखाली बोट ठेवलं. "कोण पाडणार?" मी निमूट स्वतःचं नाव लिहिलं.

तुमच्या फलकावर 'निर्णय घेण्यात आला आहे' दिसलं, तर त्याखाली 'कोणी?' एवढंच लिहा. प्रश्नालाही कर्ता लागतो, तेव्हा खाली सही करा.