माझा वाडगा उलटा करणाऱ्या बाई

मंडळी, आज मुलुंडला माझ्या सिरॅमिकच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. लोक येत होते, रंगांचं कौतुक करत होते, फोटो काढत होते. मी हसून थँक्यू म्हणत होते.

दुपारी साठीच्या एक बाई आल्या. त्यांनी निळा वाडगा उचलला आणि सरळ उलटा केला. मला वाटलं, किंमत शोधतायत. पण त्यांनी डोळे मिटून बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

मी बघतच राहिले. मी मातीकाम शिकले त्या विक्रोळीच्या शेडमध्ये आमचे सर अगदी असंच करायचे. म्हणायचे, "वरून सगळेच छान करतात गं. खालून बघू दे." बूड खरखरीत लागलं की भांडं परत आमच्या हातात. आता मीही माझ्या क्लासमध्ये तेच करते.

मी विचारलं, "विक्रोळीच्या सरांकडे शिकलात का?"

"तुझ्या खूप आधी," त्या म्हणाल्या आणि वाडगा माझ्या हातात दिला. "इथे जरा खरखरीत राहिलंय बघ."

खरंच राहिलं होतं. सर गेल्यापासून मला असं कुणी सांगितलंच नव्हतं.

मी दुसरा वाडगा त्यांच्यापुढे केला.

तुमचं काम उलटं करून बघणारं कुणी उरलंय का?