खरं मोडलेलं मनगट

माझ्या मुलीचं मनगट खरंच मोडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं.

मी सावनेरजवळच्या गावातली. आमच्या शाळेत मुलींचा खेळ म्हणजे खो-खो, तोही अनवाणी. घरातली पहिली पदवी माझी. त्या पदवीवर नागपुरात नोकरी लागली, सक्करदऱ्याला घर झालं, आणि टेनिस मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलीमुळे. कोर्टाच्या कडेला पालकांसाठी एक सिमेंटचा बाक आहे. त्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईनं मला सगळं शिकवलं. ड्रॉ, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी तो तक्ता, कसा वाचायचा, रॅकेटला गटिंग, म्हणजे नव्या तारा, कुठे करून घ्यायचं, मुलगी हरली की गाडीत बसेपर्यंत तिच्याशी काहीच बोलायचं नाही. तिची मुलगी माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी आणि जास्त चांगली खेळणारी. पुढे आमचे डबेही एकत्र उघडायला लागले. त्या बाईचे उपकार मी आजही मानते, हे आधीच सांगून ठेवते.

बाहेरगावच्या एका मोठ्या स्पर्धेला नागपूरहून आमच्या या दोन मुलीच गेल्या होत्या. तिथं शेवटच्या सामन्यात माझी मुलगी चेंडूमागे धावताना पडली आणि उजवं मनगट मोडलं. परत आलो, प्लास्टर झालं. काही आठवड्यांनी कोर्टावर एक कुजबुज आली. त्या स्पर्धेत लघवीचे नमुने घेतले होते, आणि नागपूरची एक मुलगी बंदी असलेल्या औषधात सापडली. कोण, ते कुणी सांगत नव्हतं. पण तोवर दोघीही खेळायच्या बंद झाल्या होत्या. टेनिस संघटनेनं कोर्टावरच्या फळ्यावर दोघींच्या नावापुढे एकच शब्द लिहिला होता: दुखापत.

आता आमच्या संघटनेत हा शब्द कसा वापरतात ते सांगायला हवं. ऐनवेळी स्पर्धेतून नाव काढलं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे बारावीची परीक्षा आली की मुलांचे गुडघे दुखतात. घरात लग्न निघालं की खांदा धरतो. प्रशिक्षकांशी भांडण झालं की कंबर. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि सगळे गंभीर चेहऱ्यानं विचारतात, आता कसं आहे? अशा ठिकाणी खरं मोडलेलं मनगट घेऊन जाणं म्हणजे काय, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं.

लोक भेटायला आले. आपल्याकडे दुखणाइताला भेटायला जायची रीत आहे, चांगली रीत आहे. पण या वेळी नारळपाणी पोरीच्या हातात देताना नजर प्लास्टरवर. एका बाईंनी तर दारावर टकटक करावी तसं प्लास्टर वाजवून पाहिलं. मी एक्स-रे काढून दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाल्या की हल्ली काहीही बनवून मिळतं. त्यांना मी चहा दिला. का दिला, माहीत नाही.

हे सगळं सहन झालं असतं. पण मुलीला कॉलेजमध्ये खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळाला होता आणि विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आली होती. हात तोवर मोकळा झाला होता. तिथल्या क्रीडाशिक्षकांनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की ते प्रकरण मिटू दे, मग पुढच्या वर्षी बघू. कोणतं प्रकरण, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, तुला माहीत आहे.

मी संघटनेच्या सचिवांकडे गेले. सभ्य माणूस, खुर्ची दिली. मी म्हटलं, जी सापडली तिचं नाव जाहीर करा, नाहीतर निदान माझी मुलगी नाही एवढं सांगा. त्यांनी मला बरंच समजावलं. कोवळं वय आहे. बभ्रा झाला तर लोक पोरांना इथे पाठवणार नाहीत. आणि मोठमोठ्या जागतिक खेळाडूंबद्दलसुद्धा लोक बोलतातच की, मध्येच दुखापत म्हणून गायब होतात आणि काही महिन्यांनी हसत परत येतात. तिथं कोणी तोंड उघडत नाही, तर आम्ही लहान माणसं काय उघडणार.

कोवळ्या वयाचा मुद्दा मला पटत होता. चौकशी पूर्ण होण्याआधी कुणाचं नाव चव्हाट्यावर आणू नये, हेही पटत होतं. पण त्यांनीच सांगितलं होतं की चौकशी संपली, बंदी लागली, मग गुपित ठेवून झाकलं कोणाला? दोघींवर अर्धा अर्धा डाग वाटून दिला होता, एवढंच.

शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, मी कॉलेजात फोन करून सांगतो, तुमची नव्हे म्हणून. पण मग दुसरी कोण ते त्यांना समजन. ते तुम्ही बघा."

म्हणजे जे सांगायचं काम संघटनेचं, ते माझ्या गळ्यात. मी फोन करू नका म्हणून उठले आणि बाहेर येऊन स्वतःवरच चिडले.

त्या संध्याकाळी बाकावरची माझी मैत्रीण घरी आली. इतक्या दिवसांत आम्ही या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो. ती सोफ्याच्या टोकाला बसली आणि सांगायला लागली. तिच्या मुलीला लहानपणापासून दमा आहे. स्पर्धेआधी जोराचा झटका आला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्या चालतात, पण आधी लेखी परवानगी घ्यावी लागते.

"मग घेतली काहून नाही?" मी विचारलं.

"दमा आहे असं लिहून द्यावं लागलं असतं ना वं," ती म्हणाली. "पोरीले उद्या स्थळं पाहायची आहेत. आम्ही तर सख्ख्या जावेलेही सांगितलं नाही."

मी कपाळाला हात लावला. दमा लपवला म्हणून गोळी लपवली, गोळी लपवली म्हणून बंदी आली, आणि संघटनेनं ती बंदी लपवली. दम्याची मुलगी म्हणून जी चार घरांत कळली असती, ती आता साऱ्या कोर्टावर अर्धी चोर ठरली होती. उरलेली अर्धी माझी.

मैत्रीण उठताना म्हणाली, "तू फोन करायला सांग त्यांना. मी काही म्हणणार नाही."

माझी मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "नको काकू. माझं नाव काढायसाठी मी तिचं नाव घेणार नाही."

मला तिचा अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला. संघात जागा हवी, आणि हा मोठेपणाही हवा.

घरी जाऊन मैत्रिणीनं हे मुलीला सांगितलं असणार. कारण त्याच रविवारी सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी तिची मुलगी कोर्टावर आली. बाकावर सगळे पालक होते, सचिव होते, माझी मुलगीही होती. ती जाळीजवळ उभी राहिली. आवाज फार मोठा नव्हता.

"त्या स्पर्धेत सापडली ती मी. मले दमा आहे, त्याची गोळी होती, परवानगी घेतली नाही. हिचा हात खरंच मोडला होता."

एवढं बोलून ती पाणी प्यायला निघून गेली. माझी मैत्रीण पदरानं चष्मा पुसत बसली. मी तिचा हात धरला.

दोन गोष्टी झाल्या. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी माझ्या मुलीला निवडीला बोलावलं, आणि ती संघात आली. आणि इतके महिने मौन पाळलेल्या संघटनेनं पहिल्यांदा काहीतरी जाहीर केलं. फळ्यावर सूचना लागली, की खेळाडूंनी संघटनेच्या अंतर्गत बाबींवर परस्पर बोलू नये, बोलल्यास कारवाई होईल. खाली शिक्का, सही. औषधाबद्दल, परवानगी कशी घ्यायची त्याबद्दल, एक ओळ नाही.

ती सूचना अजून तिथेच आहे. परवा फळ्यावर तिच्या शेजारी एका नव्या मुलाच्या नावापुढे लिहिलेलं दिसलं: दुखापत. बाकावर सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

"खरंच लागलं असन वं त्याले," मैत्रीण म्हणाली.

मी हो म्हटलं. पण माझी नजरही फळ्यावरून हलली नाही.