चेटकीण कोणी व्हायचं?

दुसऱ्या खर्ड्यातच मी तिन्ही चेटकिणी काढून टाकल्या होत्या. नाटक जुनं, इंग्रजी. एक शूर सेनापती लढाई जिंकून परत येत असतो. माळावर त्याला तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील असं सांगतात. तो घरी जातो आणि मुक्कामाला आलेल्या राजाचा झोपेतच खून करतो. मग एकामागून एक खून, आणि शेवटी त्याचंही मुंडकं उडतं. गेल्या हिवाळ्यात हौशी नाट्यस्पर्धेसाठी मी त्याचं वऱ्हाडी रूपांतर करत होते.

आमच्या घरी 'चेटकीण' हा शब्द फक्त पत्रकात असायचा, तोही असं काही नसतं हे सांगण्यासाठी. बाबा जादूटोण्याविरुद्ध पत्रकं काढायचे. नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या घरी पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. तेव्हा स्टेजवर तीन बायका केस मोकळे सोडून धुरात नाचवणं मला जमणारच नव्हतं.

दिग्दर्शक मात्र वैतागला. तो एका सरकारी कचेरीत नोकरीला होता आणि संध्याकाळी आमच्यावर साहेबगिरी करायचा.

"चेटकिणी नाही तं राहिलं काय वं? साहेबाच्या खुर्चीसाठी साहेबाचा गळा कापला. हे तं आमच्या ऑफिसात रोजच होऊन राहिलं."

"तेच दाखवायचंय. त्या त्याला खून कर म्हणतच नाहीत. राजा होशील, एवढंच म्हणतात. सुरा त्याचा तोच आणतो. मग त्या हव्यात कशाला?"

"माह्या बायकोले बाकी कोनता रोल देऊ, सांग."

शेवटी तडजोड झाली. अंधारातून नुसते आवाज येतील, बाई दिसणार नाही. त्याच्या बायकोनं आवाज दिला आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

आमचा सेनापती उमरेडचा होता. खाणीच्या ठेकेदाराकडचं काम आटोपून तो रोज एसटीनं तालमीला यायचा. पोरगा उंच, शांत. खुनानंतर स्वतःच्या हातांकडे बघायचा तेव्हा तालमीच्या हॉलमधला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटायचा. प्रयोग तोंडावर आला आणि हा यायचाच बंद झाला. फोन केला तर म्हणाला, आई नाही म्हणते.

झालं होतं असं. त्याच्या चुलतीनं कुणा ज्योतिष्याला पत्रिका दाखवली. त्यानं सांगितलं, पोराला यंदा शस्त्राचा घात आहे. त्यातच कोणीतरी घरी सांगितलं की नाटकात हा तलवारीनंच मरतो.

दिग्दर्शकाकडे उपाय तयार होता. "जरीपटका वस्तीत माह्या वळखीचा एक ज्योतिषी हाये. आईले त्याच्याकडे नेऊ. तो सांगन, स्टेजवर मेला की खरा घात टयला. काम फत्ते."

"भविष्यावर भविष्याचा उतारा? मग आपण हे नाटक कशाविरुद्ध करतोय?"

"आपन नाटक करूनच नाई राहिलो ना आता. हीरोच नाई."

मी भांडले, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत पत्रकं घालून उमरेडच्या बसमध्ये बसले. खिडकीची काच खडखडत होती आणि मी मनात मुद्दे मांडत होते. बाबांनी शिकवल्याप्रमाणे आधी प्रश्न विचारायचा, मग दाखला द्यायचा, मग हसत हसत पत्रक हातात ठेवायचं.

त्याची आई घरी एकटीच होती. पुढच्या खोलीत सासऱ्यांचा हातमाग बंद पडलेला होता, त्यावर गोधड्या रचलेल्या. त्यांनी चहा ठेवला.

"काकू, तलवारी लाकडाच्या आहेत," मी सुरुवात केली. "वरून नुसता चंदेरी कागद."

"मालूम हाये. त्यानं दाखवली मले. भाजी बी नाई कापल्या जात तिनं."

मी पत्रक दिलं. काकूंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मागची बाजूसुद्धा.

"बराबर लिवलं हाये," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मंग काय? मी कुठी मानतो भविष्य? पन पोरी, याचा बाप गेला तवा हा मांडीवर होता. ट्रक उलटला. ड्रायव्हर पेलेला होता, साऱ्या उमरेडले मालूम. तरी म्हने हिचा पायगुण. पांढऱ्या पायाची. ह्या माह्या जावंनं किती दिवस माह्या हातचं पानी नाई पेलं. आता तिनंच चार बायांसमोर सांगून ठेवलं हाये, पोराले घात हाये म्हून. उद्या त्याले नुसतं खरचटलं तरी काय म्हनतीन? हिले सांगतलं होतं, तरी हिनं धाडलं. नवरा खाल्ला, आता पोरगं खाते."

कप माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "ते भविष्य त्याच्यासाठी नाई वं. माह्यासाठी हाये."

माझ्या पिशवीत याच्यावरचं पत्रक नव्हतं. आमची सगळी पत्रकं मानणाऱ्यांसाठी लिहिलेली होती. ही बाई मानत नव्हती, तरी अडकली होती. मला ते नाटक आठवत राहिलं. त्यात माणसं कापली जातात, राज्य जळतं, पण त्या तिघींना कोणी धरत नाही, मारत नाही. त्या सांगतात आणि हवेत विरतात. उमरेडच्या बायकांना असं विरता येत नाही.

मी थकले होते, म्हणून असेल, तोंडातून निघून गेलं. "मग माझ्यावर टाका."

"म्हंजे?"

"सांगा सगळ्यांना. तुम्ही नाही म्हणत होता, नागपूरच्या पोरीनं भुलवून नेलं. काही झालं तर माझं नाव घ्या."

त्यांनी मला नीट निरखलं. "काय म्हनतीन तुले, मालूम हाये का?"

"चेटकीण म्हणतील."

"त्याच्याहून खराब म्हनतीन. अन मी बी म्हनीन. मले म्हनाच लागन, नाई तं कोनाले पटन?"

"म्हणा."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "घरी कोन कोन हाये तुह्या?" मी बाबांचं सांगितलं. "त्याईले पुसलं का?" मी नकारार्थी मान हलवली. तरी त्यांनी होकार दिला.

प्रयोग झाला. सेनापती लाकडी तलवारीनं छान मेला. काकू बघायला आल्या नाहीत, येऊन चालणारही नव्हतं. अंधारातले आवाज परीक्षकांना फार आवडले, आणि दिग्दर्शकाची बायको पुन्हा माझ्याशी बोलू लागली.

पुढे काही आठवड्यांनी कामावर एका पत्र्यानं त्याचा हात फाटला. टाके पडले, बाकी काही नाही. त्यानंच मला मेसेज केला, वर हसरा चेहरा. पण दुपारी फोन आला तो त्याच्या चुलतीचा.

"तूच का वं ते नाटकवाली? चांगल्या पोराले नादी लावलं! हात गेला असता त्याचा! माय नाई म्हनून राहिली होती तरी ओढून नेलं, सटवे!"

आवाज इतका मोठा होता की बाबांनी पेपर खाली ठेवला. मागून आणखी एक आवाज आला, ओळखीचा, त्याच्या आईचा. "तीच ते! म्या पाय धरले होते तिचे, आयकलं नाई रांडंनं!" काकूंच्या आवाजात चांगलाच जोर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या शिव्या देणाऱ्यांच्या बाजूला उभ्या होत्या. तिकडून फोन बंद होईस्तोवर मी ऐकून घेतलं.

बाबांना सगळं सांगावं लागलं. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. "जन्मभर आम्ही ओरडलो की चेटकीण नसते," ते म्हणाले. "आणि तू त्यांना एक नेऊन दिलीस."

"नाही दिली असती तर त्यांनी घरातलीच घेतली असती."

"म्हणजे गाव होतं तिथंच राहिलं."

राहिलंच. बाबांचं बरोबर होतं. मी भाजी निवडायला घेतली, त्यांनी पेपर उचलला. दोघांपैकी कोणीच पुढे वाचत किंवा निवडत नव्हतं.

मग चंद्रपूरहून प्रयोगाचं बोलावणं आलं. दिग्दर्शक म्हणाला, आता हात फाटल्यावर आई कशाची सोडते, दुसरा पोरगा बघू. पण सेनापतीच तालमीला आला, हाताला अजून पट्टी. त्यानं मला बाजूला घेतलं आणि खाली बघत म्हणाला, "आईनं पुसलं हाये. ते पोरगी आनखीन एक डाव बोल अंगावर घेत असन, तं जाय म्हने."

मी बाबांना न विचारताच हो म्हटलं.